जजबाईंच्या दाराला लिंबू

आमच्या घरमालकीणबाईंनी एकदा मांजराची बाजू ऐकून घेतली होती. अगदी रीतसर, खुर्चीवर बसवून. हे मी कुणाला सांगितलं की ऐकणारा हसतो आणि म्हणतो, ‘होतं हो म्हातारपणी असं.’ मी वाद घालत नाही. आधी मीही हसलेच होते. पण नंतर जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळं आता त्यांचा विषय निघाला की मी आपोआप पदर सावरून बसते, आणि मी तर साडीही नेसत नाही.

सिडकोत त्यांचं दुमजली घर होतं. खाली त्या एकट्या, वर आम्ही भाडेकरू. त्या निवृत्त न्यायाधीश. सारी कॉलनी त्यांना जजबाई म्हणायची, तोंडावर जजसाहेब. उंच, काटक, केस आखूड कापलेले, अंगावर कायम सुती पांढरी साडी. आवाज इतका हळू की ऐकायचं तर समोरच्याला आपलं तोंड मिटावंच लागायचं. मला वाटायचं, वयानं आवाज बसलाय. एकदा विचारलं तर म्हणाल्या, “मोठ्यानं बोललं की समोरचा ऐकत नाही, उत्तर जुळवत बसतो. हळू बोललं की बिचाऱ्याला ऐकावंच लागतं.”

त्यांच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या असायच्या. सारख्या रंगाच्या, सारख्या उंचीच्या. एकीचा पाय मोडला तेव्हा त्यांनी दुसरी, चांगलीसुद्धा बदलली. का, तर भांडायला आलेल्या दोघांपैकी कुणालाही आपल्याला खाली बसवलंय असं वाटता कामा नये. भांडणं यायची कुठून म्हणाल तर आमच्या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे सण आणि तंटा एकाच वेळी. कुणी थेट नळालाच मोटार लावतं, कुणाची टाकी कोरडी राहते, आणि मग मंडळी तरातरा जजबाईंच्या फाटकाशी हजर.

त्यांची पद्धत जगावेगळी होती. दोघांना बसवायचं, दोघांचं ऐकायचं, मधे चकार शब्द काढायचा नाही. आणि सगळं ऐकून झालं की म्हणायचं, “आता तुम्ही यांची बाजू सांगा.” म्हणजे मोटारवाल्यानं कोरड्या टाकीची कैफियत मांडायची आणि टाकीवाल्यानं मोटारीची. समोरचा ‘व्हय, असंच हाय’ म्हणेपर्यंत सांगत राहायचं. मी जिन्यातून पाहिलंय, मिशीला पीळ देत आलेला एक आडदांड माणूस शेजारणीची बाजू सांगता सांगता ‘घरात बाळंतीण, आन हंड्यात घोटभर पाणी नाय’ असं म्हणाला आणि एकदम गप्पच झाला. निकाल द्यावा लागलाच नाही. जजबाई उठून कुंड्यांना पाणी घालायला गेल्या. मी मिस्टरांना म्हटलं, ‘ही बाई जादू करते.’ ते वाळूजच्या कंपनीतून रातपाळी करून आलेले, डोळे तारवटलेले. म्हणाले, ‘मग तिला सांग, आधी नळाला रोज पाणी आण.’

बाकी चक्रमपणा तर विचारू नका. पेपर वाचून झाला की “ही झाली एक बाजू” असं म्हणून त्या घडी घालायच्या. नजर लागणं, दृष्ट काढणं हे शब्द त्यांच्या आवारात चालायचे नाहीत. एका अवसेला कुणीतरी त्यांच्या फाटकाला लिंबू-मिरची अडकवली. त्यांनी ते लिंबू पिळून सरबत केलं, ज्यानं अडकवलं होतं त्याला शोधून काढलं आणि समोर बसवून पाजलं. तो बिचारा दोन्ही हातांनी ग्लास धरून देवाचं नाव घेत प्यायला.

एकाच गोष्टीत त्या हळव्या होत्या, ते म्हणजे त्यांचं पुढचं दार. सागवानी, बिनकोरीव, साधं. पण सांधे असे की मधे केस जाणार नाही. रोज सकाळी जुन्या मऊ कापडावर जवसाचं तेल घेऊन त्या स्वतः ते पुसायच्या. कामवालीलाही हात लावू द्यायच्या नाहीत.

अशा घरात, माझी आई गेली त्या वर्षी, माझे वडील राहायला आले. देवगाव रंगारीहून. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात कोंबड्या झाकायचं डालगं, आणि डालग्याखाली आईची मांजर. रंग ज्वारीच्या पिठासारखा म्हणून आईनं तिचं नाव ठेवलं होतं पिठी.

अण्णांचं हृदय अधू झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना एकटं ठेवू नका. मला भाऊ नाही, गावी घराला कुलूप. मग ते राहणार कुठं? माझ्याकडंच. पण अण्णा जुन्या वळणाचे. लेकीच्या घरी बापानं मुक्काम ठोकायचा नसतो, तिच्या घरचं खायचं नसतं, हे त्यांच्या हाडामांसात मुरलेलं. ते राहिले, पण पाहुण्यासारखे. कपडे पिशवीतून काढायचे आणि वाळले की परत पिशवीतच ठेवायचे. तहान लागली तरी पाणी मागायचे नाहीत. मी दिलं तर प्यायचे. आई गेल्यापासून बोलणंही आटलं होतं. जे काही बोलायचे ते पिठीशी. आणि अधूनमधून मला एकच वाक्य ऐकवायचे, “पिठीला हितं करमंना, बाई. तिला घेऊन जातो गावाला.”

करमत कुणाला नव्हतं हे मला दिसत होतं. पण बापाला तसं तोंडावर कसं म्हणणार? ते गेले आणि त्या बंद घरात त्यांना काही झालं, तर दार उघडायला तरी कोण आहे, या विचारानं माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

दिवसभर आम्ही दोघं कामावर, म्हणून अण्णा खाली जजबाईंच्या व्हरांड्यात बाज टाकून बसायचे. जजबाईंनीच तसं सांगितलं होतं. पिठी बाजेवर पायाशी झोपायची. एके दिवशी मी रक्त-लघवी तपासायच्या लॅबमधल्या कामावरून परत आले, तर जजबाई त्यांच्या दारापुढं जमिनीवर बसलेल्या, चष्मा कपाळावर, नाक चौकटीला टेकेल इतकं जवळ. त्या सागवानी चौकटीवर, जिला त्या रोज तेल लावायच्या, वरून खाली पांढरे ताजे ओरखडे. मी माफी मागायला तोंड उघडलं.

“माफी नंतर,” त्या म्हणाल्या. “आधी सुनावणी.”

आणि खरोखर त्यांनी पिठीला उचललं आणि एका खुर्चीवर ठेवलं. दुसरीवर मला बसवलं. पिठीनं खुर्ची हुंगली, गोल फिरली आणि झोपली. “मुलजिम झोपलाय,” जजबाई म्हणाल्या. “म्हणजे मनात खोट नाही. चल, तुझी फिर्याद सांग.” मी सांगितलं, मांजरीनं दार ओरबाडलं, वर घरातही ओरबाडते, तिला मारून बघितलं, ओरडून बघितलं, ऐकत नाही. त्यांनी मान डोलावली.

“आता तू तिची बाजू सांग.”

मला फस्सकन हसू आलं. जजबाई हसल्या नाहीत. त्या नुसत्या थांबल्या. त्यांचं थांबणं फार वाईट असायचं. त्यापुढं मी मी म्हणणारे वकील घामाघूम होत असत असं ऐकलंय, आणि मी तर साधी लॅबवाली.

“मी पिठी,” मी म्हटलं, आणि माझी मलाच लाज वाटली. “मी आत्ताच उठलेय. अंग आखडलंय. उंच काहीतरी धरून मला ताणायचंय.”

“पुढं.”

“नखांवर जुनी साल चढलीय, ती काढायचीय. गादीवर निघत नाही. खरखरीत पाहिजे.”

“पुढं.”

पुढं मला सुचेना. मी अडकले. तेवढ्यात पायरीवरून आवाज आला. अण्णा जमिनीकडं बघत बोलत होते.

“मला माझ्या घरातनं उचलून आणलं. हितं कशालाच माझा वास नाय. ना भिताडाला, ना दाराला. मंग कुठंतरी माझी खूण पाह्यजे का नाय?”

आई गेल्यापासून एवढं सलग अण्णा पहिल्यांदा बोलले होते. जजबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “सही. ओरबाडत नाहीये ती. सही करतेय.”

आणि त्यांनी निकाल दिला. मांजराला नखं घासायचा हक्क आहे, दाराला शाबूत राहायचा हक्क आहे, दोन्ही हक्क एकाच चौकटीवर येऊन भांडतायत. तेव्हा मांजराला सहीसाठी वेगळी जागा द्यावी. “तिला पसंत पडेल अशी, तुम्हाला नव्हे. मुदत दिवाळीपर्यंत.”

“आणि नाही पसंत पडली तर?” मी विचारलं.

“तर तिला गावी पाठवा. दार मी दुसरं आणू शकत नाही.”

“मंग मी बी जातो,” अण्णा म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले, जणू वाटच बघत होते. जजबाईंचा निकाल फिरत नसतो हे कॉलनीतलं शेंबडं पोरही जाणत होतं.

दुसऱ्याच दिवशी मी जालना रोडवरच्या एका दुकानातून मांजरांसाठी मिळणारा खांब आणला. गुलाबी, मखमली, वर लोंबणारा चेंडू. बघूनच मला इतका आवडला की मीच त्याला दोनदा हात फिरवला. पिठीनं पुढचे पाय टेकवले, खांब डुगडुगला, आणि ती अशी मागं सरली की जणू मी तिची थट्टा केली होती. जजबाई दारातून बघत होत्या. त्यांनी बोटानं खांब ढकलला. तो आडवा झाला. “हा साक्षीदार पहिल्याच प्रश्नाला पडला,” त्या म्हणाल्या. शिवाय तो इतका बुटका की पिठीला अंगच ताणता येईना.

मी हार मानणारी नव्हते. पिठीला मांडीत घेतलं, तिचे पुढचे पाय धरले आणि खांबावर घासून दाखवायला लागले, लहान पोराच्या हातात पाटीवरची पेन्सिल द्यावी तसं. पिठीनं माझ्या मनगटावर बोचकारलं आणि बाजेखाली जाऊन बसली. जजबाईंनी स्वतः हळद आणून माझ्या मनगटावर दाबली. “हात धरून घेतलेली सही ग्राह्य नसते,” एवढंच म्हणाल्या. मला रागही आला आणि हसूही.

मग त्या अण्णांच्या बाजेशी जाऊन बसल्या. तोवर या सगळ्यात अण्णांना कुणी काही विचारलंच नव्हतं, मी तर नाहीच.

“अण्णा, गावी ही कुठं सही करायची?”

“गोठ्यात. बाभळीची मेढ हाय तिथं, बैल बांधायची.”

“तिथंच का?”

अण्णांनी पिठीच्या पाठीवर हात फिरवला. “ती हालत नाय. बैलानं वढली तरी हालत नाय. आन दाव्याचे येढे पडलेत तिला, केकताडाच्या दोराचे. त्याच्यात नख घुसतं. मंग वढायला मजा येती.” केकताड म्हणजे शेताच्या बांधावर वाढणारं काटेरी, जाड पातींचं झाड, त्याच्या वाखाचा दोर हाताला टोचतो इतका खरबरीत असतो.

“ती मेढ इथं आणता येईल?”

अण्णांनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं. कुणीतरी त्यांना काम सांगितलं होतं.

सकाळच्या एसटीनं ते निघाले; मी सोबत येते म्हटलं तर ऐकेनात. जाताना कापडी पिशवीही घेऊन गेले, आणि मी लॅबमध्ये दिवसभर चुकीच्या बाटल्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लावत होते. आता येतात कशाला परत, असंच मनात यायचं. संध्याकाळी जजबाईंपुढं रडायलाच लागले. त्या म्हणाल्या, “पिठी कुठाय?” मी म्हटलं, बाजेवर. “मग ते येतील. तू जेवून घे.”

अण्णा दुसऱ्या दिवशी दुपारी आले, रिक्षातून. खांद्यावर कापलेली मेढ, गळ्यात दोराचं वेटोळं, आणि पायाशी आईच्या जात्याचा वरचा दगड. मेढ उभी राहायला खाली जड पाहिजे, आणि जात्याच्या तोंडात ती नेमकी बसेल, हा त्यांचा हिशेब. रिक्षावाला कमरेला हात लावून उभा होता. “चाचा, पत्थर उठाया मैंने, कमर गई मेरी,” तो म्हणाला. अण्णा हसले. खरंच हसले.

व्हरांड्यात कारखाना उघडला. अण्णांनी मेढीचं टोक तासलं, जात्याच्या भोकात बसवलं, वरून दोर घट्ट गुंडाळत नेला. तरी खाली जरा खेळत होती. पाचर मारायला हवी होती. अण्णांना दम लागला, तशी जजबाईंनी पदर खोचला, त्यांच्या हातातून हातोडा घेतला आणि पाचर ठोकायला बसल्या. ठोक्यागणिक कान देत होत्या. एकदम थांबल्या. “आवाज बदलला. आता आणखी ठोकली तर फुटेल.” मी तोंडाचा आ वासून बघत राहिले. “माझे वडील सुतार होते,” त्या म्हणाल्या आणि हातोडा खाली ठेवून आत गेल्या.

खांब कुठं ठेवायचा यावर माझं मत होतं, मागच्या बाजूला, कारण तो दिसायला अगदीच रानटी होता. जजबाई म्हणाल्या, “सही करायचा कागद कपाटात लपवून ठेवतात का?” आणि खांब त्यांच्या त्या लाडक्या दाराच्या अगदी शेजारी उभा राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याच्या तो डोळ्यांत भरायचा. सगळी कॉलनी बघून गेली, वा वा करून गेली.

आणि पिठी काही खांबाकडं फिरकेना.

जवळ जायची, नाक वर करायची, शिंकायची आणि सरळ दाराशी जाऊन उभी राहायची. तीच मेढ, तोच दोर, खाली आईच्या जात्याचा दगड, तरी नाही. अण्णा खांबाच्या बुंध्याशी सुतळी नाचवायचे, तिला खेळवत खेळवत आणायचे; ती निम्म्यातून परत फिरायची. दिवाळी तीन आठवड्यांवर आली. घराघरांतून चकल्यांच्या भाजणीचे वास यायला लागले. अण्णांनी एका संध्याकाळी पिशवीचे बंद आवळले आणि म्हणाले, “तिला पसंत नाय. निकाल लागलाच म्हनायचा, बाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातून उतरले आणि जागच्या जागी उभी राहिले. जजबाई व्हरांड्यात रांगत होत्या. जिनं माणसांना जन्मठेपा दिल्या ती बाई, दोन्ही हात आणि गुडघे जमिनीवर टेकून, बाजेपासून खांबापर्यंत पिठीच्या वाटेनं रांगत निघाली होती. “वरून बघून काही कळत नाही,” माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या. “तिच्या उंचीवरून बघायला हवं.” खांबाजवळ पोचल्या, मान वर केली आणि हुंगलं. मग दोराच्या वळशाआड बोट घातलं.

काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू आणि मिरच्या.

“हे कुणी बांधलं?”

अण्णा बाजेवरून उठले. चेहरा उतरलेला. “म्या. सगळी कालनी बघून गेली, जो तो चांगलं म्हनला. म्हनलं, नजर लागायला नको.” आणि लिंबू वाळलं की ते नवं बांधत होते, गुपचूप, लपवून, कारण सरबताची गोष्ट त्यांच्याही कानावर आली होती. मांजराला लिंबाच्या वासाचं वावडं असतं हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बापानं लेकराला ताट वाढावं आणि नजर लागू नये म्हणून त्यात मूठभर मीठ टाकावं, तशातली गत.

मला वाटलं, आता जजबाई फाडून खाणार. त्यांनी ते लिंबू नाकाशी धरलं, पिठीच्या नाकाशी धरलं. पिठी शिंकून पळाली. जजबाईंच्या तोंडावर हळूहळू असं काही हसू पसरलं की मी ते आजन्म विसरणार नाही. “दोरा आहे का आणखी?” त्यांनी अण्णांना विचारलं. आणि ज्या बाईनं फाटकावरचं लिंबू पिळून पाजलं होतं, तिनं आपल्या हातानं ते लिंबू-मिरची स्वतःच्या दाराच्या चौकटीला बांधलं. खालच्या बाजूला, मांजराच्या नाकाच्या उंचीवर.

भाजीचा गाडा घेऊन रोज येणारा म्हातारा फाटकाशी थबकला. “जज अम्मा, आपके दरवाजे को लिंबू? तबियत तो ठीक है ना?”

“पुरावा असेल तर मी लिंबूसुद्धा मानते, मियां,” जजबाई म्हणाल्या. “रोज दोन ताजी देत जा.”

मी काय सांगू? मोठमोठी माणसं मी पाहिलीत, व्यासपीठावरची. पण आपलं आयुष्यभराचं म्हणणं एका मांजरीच्या शिंकेपुढं असं सहज बाजूला ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मी तिथंच, मनातल्या मनात, त्यांच्या पाया पडले.

अण्णांनी खांब ओल्या फडक्यानं पुसला, उन्हात सुकवला, जुन्या जागी ठेवला. दुपारी पिठी झोपून उठली. दाराकडं गेली, लिंबाशी थबकली, नाक मुरडलं. मग खांबाकडं वळली. मागच्या पायांवर उभी राहिली, लांब, आणखी लांब झाली, आणि दोन्ही पंजांची नखं केकताडात रुतवून तिनं जी खर्रखर्र सुरू केली, ती आत स्वयंपाकघरात जजबाईंना ऐकू गेली. अण्णांनी तिच्यापुढं सुकट टाकली. पोटभर ओरबाडून झाल्यावरच तिनं ती खाल्ली. पुढं जजबाई रोज बोटभर खांब सरकवायच्या, दारापासून बाजेकडं, इतका हळूहळू की पिठीला आपली जागा हलतेय याचा पत्ताच लागला नाही. दोराच्या झिंज्या निघायला लागल्या, तेव्हा मी नवा दोर गुंडाळायला निघाले. जजबाईंनी माझा हात धरला. “फाटलाय म्हणून बदलू नको. फाटलाय म्हणूनच तो तिचा आहे.”

दिवाळीच्या आदल्या दिवशी त्यांनी सुनावणी लावली. खांब पाहिला, दार पाहिलं, पिठीच्या कानामागं खाजवलं. “मुक्त,” म्हणाल्या. मी आनंदानं टाळी वाजवली, पण त्या उठल्या नाहीत. “बस,” त्यांनी मला खुर्ची दाखवली. दुसऱ्या खुर्चीवर अण्णांना बसवलं आणि स्वतः दाराच्या उंबऱ्यावर बसल्या. “अण्णा, मांजराला आता करमतंय. आता तुम्ही गावी जायचं कारण काय?”

अण्णा कासावीस झाले. “ताई, लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायचं? लोक काय म्हनतील?”

जजबाई पाठीमागच्या दाराला टेकल्या. “हे दार माझ्या वडिलांनी केलंय,” त्या म्हणाल्या. “मी घर बांधलं तेव्हा. इथंच, या व्हरांड्यात बसून केलं. बसवून झालं, मी म्हटलं, बाबा, आता आत चला, इथंच राहा. म्हणाले, लेकीच्या घरी राहतात का कुठं. चहा इथं बाहेर उभ्यानं घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. गेले ते पुन्हा आलेच नाहीत. तिकडं एकटेच होते शेवटी. मला त्यांची बाजू पाठ होती, अण्णा. पण माझी बाजू त्यांच्या तोंडून वदवून घेणारं कुणी मिळालं नाही.”

त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता. मग त्या म्हणाल्या, “तुम्ही सांगा. हिची बाजू.”

अण्णा माझ्याकडं बघेनात. हाताची बोटं एकमेकांत गुंतवून बसले. त्या थांबल्या, नेहमीसारख्या.

“ती म्हनते,” अण्णांनी सुरुवात केली, “माय गेली तवा मी पोचले न्हवते. बाप बी तसाच जाईल. कुलपाआड. कुनाचा तरी फोन यील.” त्यांनी गुंतवलेली बोटं सोडवली. “ती म्हनते, बाप माझ्या घरात हाय, पर नसल्यावानी. पानी मागत नाय. पिशवी सोडत नाय. मी रोज कामावरून येताना जीव मुठीत धरून येते, पिशवी हाय का गेली. ती म्हनते, मी काय परकी हाय का? म्या केलंय तरी काय?”

मग त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. “असंच हाय का गं, माय?”

मला ‘व्हय’ म्हणता आलं नाही. मी नुसती मान डोलावली आणि ओढणीत तोंड लपवून ढसाढसा रडले.

तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. गावाकडून त्यांचे चुलतभाऊ, दिवाळीला येताय ना म्हणून विचारत होते. अण्णांनी नाक पुसलं, घसा साफ केला. “नाय रे, नाय जमत आता. मी आलो असतो, पर पिठीचं काय? ती रमली हितं. मांजर मानसाला नाय, जागंला धरून ऱ्हातं, तुला ठावं नाय का? तिला हलवनं म्हंजी पाप.” पिठी तेव्हा समोरच्या भिंतीवर बसून चिमण्या बघत होती.

“साक्षीदार साफ खोटं बोलतोय,” जजबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या. त्यांचे डोळे भरले होते. “बोलू दे.”

अण्णांनी फोन खिशात टाकला. जजबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत जायला वळल्या.

“अशा कशा चालल्या, ताई?” अण्णा म्हणाले. आणि माझ्याकडं वळून, गावी आईला हाक मारायचे तसे, चांगले खणखणीत ओरडले, “बाई, चहा टाक की! आपल्या घरी आल्यात त्या. तशाच जातील व्हय?”

घर जजबाईंचं होतं. त्या एक क्षण दारात उभ्या राहिल्या. मग मागं फिरल्या आणि मुकाट्यानं, पाहुण्या आल्यासारख्या, खुर्चीवर जाऊन बसल्या.